पहिली पाळी रिकाम्या आकाशाची

एकतीस वर्षं मी दुर्बिणीच्या नोकरीत काढली आणि एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे कोणाला पटत नाही. निवृत्त झाल्यापासून लोक जिन्यात गाठून विचारतात, "लिमयेबाई, शनी कधी पालटतोय?" मी सांगते, शनीशी माझी ओळख नाही, आणि त्यानेही ती वाढवू नये एवढीच इच्छा आहे. त्यावर खालच्या मजल्यावरच्या कर्णिकवहिनी म्हणाल्या, "मग तिथे इतकी वर्षं करत काय होतात?" जिन्यात उभ्याउभ्या त्याचं उत्तर देता येईना, म्हणून या अंकात देते.

मी दुसरी होते. हे वाक्य पहिल्यांदा घरी उच्चारलं तेव्हा आमच्या सासूबाई दचकल्या होत्या. पण आमच्या धंद्यातली रीतच तशी आहे. आकाशात काही नवं सापडलं असं वाटलं, की त्याचा हिशेब दोन माणसांनी वेगवेगळा करायचा. पहिला तो, ज्याला ते सापडावं असं वाटतंय. दुसरा तो, ज्याला त्याचं काही सोयरसुतक नाही. दोघांची माहिती तीच, पण संगणकाचे प्रोग्रॅम वेगळे, आणि हिशेब पुरा होईपर्यंत त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही. शेवटी दोघांनी आपापला आकडा पाकिटात बंद करून आणायचा आणि सगळ्यांसमोर दोन्ही पाकिटं एकदम फोडायची. मी कायम दुसरी. ऑफिसात मला मागे 'मिठाचा खडा' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

आमची दुर्बीण लडाखमध्ये, उंच, कोरड्या पठारावर आहे. तिला डोळा लावायची जागाच नाही. शेकडो आरसे जोडून केलेली एक अवाढव्य परात आणि तिच्यासमोर कॅमेरा, एवढाच तिचा संसार. तिथली माहिती यायची ती ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात. खालच्या मजल्यावर पत्रे दाबायचा कारखाना होता. त्याचा प्रेस पडला की आमच्या टेबलांवरचे कप थरथरायचे. विश्वातल्या सगळ्यात दांडग्या किरणांचा अभ्यास आम्ही असा, चहाचा कप धरून केला.

हे किरण म्हणजे अतिप्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण. जमिनीपर्यंत ते पोचत नाहीत, आणि नाही पोचत तेच बरं. वातावरणाच्या वरच्या थरात असा एक किरण आदळला की कणांचा फवारा उडतो आणि त्या फवाऱ्याची निळसर चमक खाली येते. पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाचे कोट्यवधी तुकडे केले, तर त्यातल्या एखाद्या तुकड्यापुरती ती टिकते. कॅमेरा तेवढ्यात तिचं चित्र टिपतो. पंचाईत अशी, की अवकाशातून येणारे बाकीचे कणही तशीच चमक पाडतात, आणि हजारो चमकांमागे आपल्या कामाची एखादीच निघते. तेव्हा आमचं काम म्हणजे तांदूळ निवडणं. गॅमा किरणाचं चित्र खरोखरच तांदळाच्या दाण्यासारखं असतं, लांबट, सडसडीत, उगमाच्या दिशेला टोक असलेलं. बाकीची चित्रं सांडलेल्या आमटीसारखी, कशीही पसरलेली. निवडायला आम्ही चाळण्या करतो, म्हणजे संगणकाला नियम घालून देतो: एवढं लांब हवं, एवढं रुंद चालणार नाही, फार मंद असेल तर टाकून दे.

चाळलं तरी खडे राहतातच. म्हणून दुर्बीण काही वेळ उगमाकडे रोखायची आणि मग तेवढाच वेळ शेजारच्या मोकळ्या आकाशाकडे, जिथे काही नाही अशी खात्री आहे. पहिलीला आम्ही भरली पाळी म्हणायचो, दुसरीला रिकामी, आणि अशा जोड्या एकामागून एक चालायच्या. भरलीतून रिकामी वजा केली की उरतं ते उगमाचं. ते उरलेलं खरं आहे की नुसता योगायोग, हे सांगणारा आकडा असतो. तीन आला तर कान टवकारायचे. पाच आला तरच तोंड उघडायचं.

मी दुसरी का झाले, तेही सांगून टाकते. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी पहिली होते. माझा आकडा तीनच्या आसपास घुटमळत होता. मी चाळणी जरा बारीक केली, मग जरा मोठी, मग इकडून ओढली, तिकडून ताणली, आणि एक दिवस पाच आला. मी पेढे आणले. तेव्हाचे आमचे वरिष्ठ शांतपणे पेढा खाऊन झाल्यावर म्हणाले, "चाळण्या किती बदलल्यात?" मी म्हटलं, सतरा. ते म्हणाले, "सतरा वेळा फासे टाकलेत आणि एकदा पडले. उरलेल्या सोळांचं काय?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर मी पहिलं होणं सोडलंच. लोकांना वाटायचं, लिमयेबाईंना तत्त्वाची फार चाड. तत्त्व कसलं, भीती होती ती. दुधाने तोंड पोळलेलं होतं.

पण दुसरी म्हणून मी चांगली होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एकदा एका उगमातून दर आठवड्याला ठरावीक वारी चमका वाढतात असं आढळलं. मोठमोठी डोकी त्यावर मोठमोठ्या कल्पना लढवत होती. मी लडाखला फोन करून विचारलं, त्या वारी काय असतं? तिथे पाणी घेऊन येणारा टँकर असायचा. ड्रायव्हर वळणावर दिवे बंद करायला विसरायचा.

तर आता ऋजुताची गोष्ट. ऋजुता वैद्य कल्याणची. वडिलांचं तिथल्या घाऊक बाजारात धान्याचं दुकान. तांदूळ तळहातावर घेऊन तो जुना की नवा हे ती बोलता बोलता सांगायची. आमच्याकडे आली ती पाच वर्षांच्या करारावर, आणि आल्या आल्या एक अशी दीर्घिका निवडली की सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

ती होती सक्रिय रेडिओ दीर्घिका. अशा दीर्घिकेच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं आणि त्याच्या दोन बाजूंनी पदार्थाचे झोत सुटतात, प्रकाशाच्या जवळपास वेगाने, हजारो प्रकाशवर्षं लांब. झोत आपल्या तोंडावर असेल, तर बॅटरी डोळ्यांवर मारल्यासारखी दीर्घिका झगमगते. तशा बऱ्याच सापडल्या आहेत. रेडिओ दीर्घिकांचा झोत मात्र आपल्याला बाजूने दिसतो. बॅटरी दुसरीकडेच रोखलेली आणि आपण कडेला उभे. त्यांच्याकडून इतके दांडगे गॅमा किरण पकडले गेलेत ते मोजक्याच दीर्घिकांमधून. पण सापडले तर मोलाचे, कारण बाजूने पाहिल्यावर कळतं की ते निघतात कुठून, कृष्णविवराच्या अगदी तोंडाशी की झोतात पुढे कुठेतरी. डोळ्यांवर बॅटरी असताना ती कोणी धरली आहे ते दिसत नाही.

"मंद आहे म्हणून सोडून द्यायची का?" ऋजुता म्हणायची. "मग कोण बघणार तिच्याकडे?" आमचे प्रमुख देशमुखसर तिला समजावून थकले. करार संपताना हातात काही नसेल तर कायमची जागा मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलेलं. तिने ऐकलं आणि पाच वर्षं त्या एकाच दीर्घिकेवर घातली.

दुसरी अर्थातच मी. आमची टेबलं शेजारी. डबा एकत्र खायचो आणि हिशेबाबद्दल बोलायचं नाही हा नियम, म्हणून आम्ही जगातल्या बाकी सगळ्या विषयांवर बोललो. तिच्या आईचे गुडघे, माझ्या मुलाचं कॅनडा, डोंबिवलीच्या एमआयडीसीतला वास कोणत्या वारी कोणता असतो, सगळं. तिला माझ्या अळूवड्या फार आवडायच्या. मी कडीच्या स्टीलच्या डब्यात भरून द्यायचे, आईचं नाव कोरलेला डबा तो. आणि तो कधी रिकामा परत आला नाही. कधी चिमूटभर साखर, कधी कढीपत्ता, कधी दुकानातला मूठभर आंबेमोहोर. रिकामा डबा परत करू नये, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही.

एप्रिलमध्ये पाकिटं फोडली. तिचा आकडा पाच पूर्णांक सहा. माझा तीन पूर्णांक एक.

खाली प्रेस पडला, कप थरथरले, कोणी धरले नाहीत. देशमुखसरांनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "दोघींपैकी एकीचं चुकतंय. काय ते शोधा." आता बोलायला मोकळीक होती, आणि ऋजुता पहिल्यांदा माझ्याशी हिशेबाबद्दल बोलली.

"मॅडम, तुमची चाळणी जुनी आहे. तुम्ही मंद चित्रं सरसकट टाकून देता. माझी दीर्घिकाच मंद आहे. तुम्ही दाणे फेकताय."

"तू खडे ठेवत नाहीस कशावरून?"

"मी पाच वर्षं ठेवलेत का खडे?"

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. माझी चाळणी जुनीच होती. तोंड पोळल्यापासून मी ती कधी सैल केली नव्हती. ऑफिसातल्या बहुतेकांना वाटत होतं की ऋजुताचंच बरोबर असणार आणि म्हातारी उगाच विरजण घालतेय. जूनमध्ये तिचा करार संपत होता. मे महिन्यात परिषदेत तिचं भाषण लागलेलं होतं. त्या दिवसापासून ती डबा घेऊन टेरेसवर जायला लागली. माझा आईच्या नावाचा डबा तिच्याकडेच राहिला आणि मागायला मला तोंड नव्हतं.

दोन आठवडे मी माझे प्रोग्रॅम उलटेपालटे केले. चूक सापडेना. खरं सांगते, मला ती माझीच सापडायला हवी होती. माझी सापडली असती तर सगळं सोपं झालं असतं. पोरीची जागा पक्की झाली असती आणि मी पेढे खाल्ले असते.

एका रविवारी सकाळी कर्णिकवहिनींचा डबा परत करायचा होता. त्यात त्यांनी फणसाची भाजी पाठवलेली. मी तो घासला, पुसला आणि सवयीने हात साखरेच्या बरणीकडे गेला. चमचा हातात तसाच राहिला. वाटलं, आपण हे ठरवून करत नाही. कोणी विचारलं तर सांगूही शकणार नाही की मागचा डबा कधी आणि काय घालून परत केला. तसं काही लडाखला कोणी ठरवल्याशिवाय करत असेल तर?

मी तशीच संगणकासमोर बसले आणि दुर्बिणीची नोंदवही उघडली. कधी नव्हे ती. एकतीस वर्षांत मी तिथून आलेले आकडे तपासले, पण ते कोणत्या क्रमाने आले हा रकाना मी वाचला नव्हता. वाचला. ऋजुताच्या दीर्घिकेच्या प्रत्येक संध्याकाळी, एकूण एक, पहिली पाळी भरली होती. रिकामी नंतर. आणि ती दीर्घिका त्या मोसमात सूर्य मावळला की लगेच डोक्यावर असायची.

कर्णिकवहिनींना डबा द्यायचा राहिला. मी लडाखला फोन लावला. तिथे आमचे दत्ता भोईर बारा वर्षं दुर्बीण चालवत होते. भोईर कल्याणजवळच्या खाडीकाठच्या गावचे, आगरी, आजोबा मिठागरात कामाला. दुर्बिणीचा प्रत्येक बोल्ट नावाने ओळखणारा माणूस.

"भोईर, तुम्ही सुरुवात नेहमी भरल्या पाळीने करता?"

"मंग काय ताई," ते म्हणाले. "रिकामे आभालानं सुरवात कशी कराची? आमचा आजा मोसमाचे पयले दिवशी टोपलीन मूठभर मीठ टाकूनच आगरान उतरायचा. रिकामी टोपली घेऊन आमच्यान कोनी कामाला लागला नाय."

"आणि सुरू कधी करता?"

"अंधार झाला का लगेच. ऋजुताताईंची दीर्घिका हाय ना, एक मिनिट वाया घालवत नाय मी."

त्या माणसाच्या मायेपायीच सगळं घडत होतं. सूर्य मावळून बराच वेळ झाला, डोळ्यांना अंधार वाटला, तरी आकाशात संधिप्रकाशाची किंचित धग उरलेली असते. एवढाल्या परातीला ती दिसते. त्या उजेडाने मंद चित्रं फुगतात आणि नको ती चाळणीतून पार होतात. पहिल्या पाळीत जास्त, दुसऱ्या पाळीपर्यंत काळोख पुरा झालेला. पहिली नेहमी भरलीच, म्हणजे सगळी फुगवट दीर्घिकेच्या पदरात. माझ्या जुन्या चाळणीने मंद चित्रं टाकून दिली म्हणून मी वाचले होते, हुशारीने नव्हे. आणि चूक भोईरांचीही नव्हती. पाळ्या आलटून पालटून घ्या असा नियमच कोणी लिहिला नव्हता, आणि तो रकाना वाचणं ज्या बाईचं काम होतं तिने तो वाचला नव्हता.

सोमवारी मी ऋजुताला टेरेसवर गाठलं. ती डबा उघडून बसलेली. मी फक्त एवढंच म्हटलं, "प्रत्येक संध्याकाळची पहिली जोडी, भरली-रिकामी दोन्ही, बाजूला काढ आणि उरलेल्यावर आकडा काढ. मी काही सांगत नाही, तूच बघ." तिने माझ्याकडे पाहिलं आणि डबा तसाच झाकून खाली गेली.

साडेतीनला ती माझ्या टेबलाशी आली. "तीन पूर्णांक चार," म्हणाली. मग माझ्याच खुर्चीच्या कडेला टेकून रडली. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते कधीच कळलेलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खिडकीतून समोरच्या कारखान्याचा पत्रा बघत राहिले. आयुष्यात इतक्या लोकांचे पाच मी तीन केले, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

तोंड धुऊन आल्यावर ती म्हणाली, "भाषण रद्द केल्याचं मीच कळवते. तुम्ही नका सांगू कोणाला, मॅडम. माझी दीर्घिका आहे, मीच सांगेन." आणि उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, कारणासकट, भोईरांचं नाव न घेता. मागचे निकालही आम्ही काढून तपासले. बहुतेक उगम उत्तररात्री वर येणारे होते, ते शाबूत राहिले. एक निकाल मात्र दुरुस्त करावा लागला, आणि त्यावर दुसरी म्हणून सही माझी होती.

देशमुखसरांनी वर भांडून तिचा करार एका मोसमापुरता वाढवून आणला. जास्त नाही. "हे शेवटचं," त्यांनी तिला माझ्यादेखत सांगितलं. नवीन मोसमाची आखणी करताना ते म्हणाले, पाळ्या आलटून पालटून घ्या, एक दिवस ही आधी, एक दिवस ती. तेवढं पुरेसं होतं. ऋजुता हटून बसली.

"नाही सर. अर्धा तास उशिरा सुरू करायचं आणि पहिली पाळी रोज रिकामी. थोडाफार उजेड राहिलाच तर तो माझ्या विरुद्ध जाऊ दे. तरी आली तर ती आहे."

"अगं, आपल्याच पायावर कशाला?" मी न राहवून म्हटलं.

"गेल्या वेळी उजेड माझ्या बाजूने होता, मॅडम," ती म्हणाली.

भोईरांना हे पचवणं जड गेलं. शेवटी म्हणाले, "ऋजुताताई बोलल्या तर करतो. पन आभाल रिकामा तर तोंड रिकामा नको." आणि मोसमाचे चारही महिने तो माणूस रोज पहिली रिकामी पाळी लावण्याआधी तोंडात खडीसाखर टाकत होता. नोंदवहीत पाळी सुरू झाल्याच्या वेळेपुढे 'ख. सा.' अशी अक्षरं असायची. आमच्या एका नव्या मुलाने ती कुठलीतरी यंत्रणा असेल म्हणून संगणकात भरली होती.

मी मेमध्ये निवृत्त झाले. पण दुसरी म्हणून काम माझ्याकडेच ठेवलं, घरून. हिवाळ्यातली माहिती मार्चपर्यंत माझ्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला संगणक, एका बाजूला भाजी निवडायची. मीही या वेळी एक काम केलं. माहिती उघडायच्या आत जुनी चाळणी मोडून नवी केली, मंद चित्रांनाही नीट पारखणारी, आणि ती एकदा ठरवल्यावर तिला हात लावला नाही. सतराची आठवण होतीच. पहिल्यांदाच मला वाटत होतं की पाच यावा. दुसरीला असं वाटता कामा नये. म्हणून मी आकडा काढायचा हुकूम संगणकाला दिला आणि उठून कपडे वाळत घालायला गेले. परत आले तेव्हा आकडा येऊन थांबलेला. मी वाचला, कागदावर लिहिला, पाकीट चिकटवलं आणि मग खुर्चीत बसले. ऋजुताला फोन करायला हात शिवशिवत होते. पण नियम तो नियम. चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. कर्णिकवहिनींना वाटलं मला बरं नाही.

पाचव्या दिवशी वागळे इस्टेटला गेले. लिफ्ट तीच बंद, जिना तोच, खाली प्रेस तसाच आपटत होता. ऋजुता वाळलेली वाटली. आम्ही "कशी आहेस", "बरी आहे", एवढंच बोललो. भोईरांना फोनवर घेतलेलं होतं. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

देशमुखसरांनी दोन्ही पाकिटं एकदम फोडली. आधी तिचा कागद वाचला. "पाच पूर्णांक आठ." मग माझा. "पाच पूर्णांक सात."

सर चष्मा पुसायला लागले. पलीकडून भोईरांचा आवाज आला, "मंग, भरला कं?"

"भरला, भोईर," मी म्हटलं.

"पयली रिकामी लावून भरला?"

"पहिली रिकामी लावून."

"मंग आता दर मोसमाला खडीसाखर पाठवा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ऋजुताची जागा पक्की झाली, हे आता सांगायला हरकत नाही. तिची दीर्घिका लांबून, कडेने, मंदपणे का होईना पण आहे, आणि आता दुसऱ्या देशांतल्या दुर्बिणीही तिच्याकडे वळल्यात. त्यावरच्या शोधनिबंधावर नावं अकारविल्हे लागतात, त्यात माझं कुठेतरी मध्ये आहे. एकतीस वर्षांत पहिलं यावं असं अधूनमधून वाटलं, नाही असं नाही. त्या दिवशी नाही वाटलं.

मी निघाले तशी ती जिन्यापर्यंत आली. पर्समधून कडीचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आईचं नाव असलेला. वर्षभर तिच्याकडे होता. मला तो हलका लागला. मी सवयीने कडी काढून पाहिलं. स्वच्छ घासलेला, आणि आत काही नाही. साखर नाही, कढीपत्ता नाही, तांदळाचा दाणा नाही.

मी तिच्याकडे बघितलं.

"आधी रिकामा, मॅडम," ती म्हणाली. "आता रविवारी भरून आणते."

आजवर कोणी मला याहून मोठा मान दिलेला नाही. डब्याला पुन्हा कडी लावली, खाली येऊन रिक्षा केली आणि डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरून बसले, आतलं काही सांडू नये म्हणून.